पॅरबल ऑफ द सोअर

पॅरबल ऑफ द सोअर ही अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया ई. बटलर (१९४७–२००६) यांची १९९३ साली प्रकाशित झालेली इंग्रजी विज्ञान कादंबरी आहे. हवामानबदलाने विस्कटलेल्या समाजात माणसे कशी तग धरतात, हा तिचा विषय आहे. कादंबरीचे नाव बायबलमधील 'पेरणाऱ्याचा दाखला' या कथेवरून घेतले असून हा दाखला कादंबरीच्या अखेरीस येतो.

कथानक

कथा २०२४ ते २०२७ या काळात कॅलिफोर्नियात घडते आणि रोजनिशीच्या रूपात सांगितली आहे. नायिका लॉरेन ओलामिना आरंभी १५ वर्षांची आहे. ती लॉस एंजेलिसजवळच्या तटबंद वस्तीत राहते. तिचे वडील धर्मोपदेशक व प्राध्यापक आहेत. दुसऱ्याची वेदना दिसताच ती स्वतःच्या शरीरात जाणवणे, हा लॉरेनचा जन्मजात विकार आहे. २०२७ मध्ये हल्लेखोर वस्ती जाळतात. लॉरेन पुरुषवेष धारण करून दोन शेजाऱ्यांसह महामार्गाने उत्तरेकडे पायी निघते. वाटेत इतर निराश्रित त्यांना मिळतात आणि अखेर ते हम्बोल्ट परगण्यात 'एकॉर्न' ही वसाहत स्थापन करतात. एकॉर्न म्हणजे ओक वृक्षाचे फळ.

आशय

या कादंबरीतील आपत्ती एका दिवसात कोसळत नाही. पाऊस वर्षानुवर्षे पडत नाही, पाणी पेट्रोलहून महाग होते आणि पोलीस व अग्निशमन सेवेसाठीही पैसे मोजावे लागतात. समुद्राची पातळी वाढल्याने संकटात आलेले ऑलिव्हार हे किनारी शहर सुरक्षेच्या बदल्यात एका कंपनीच्या स्वाधीन होते. तेथील अपुऱ्या वेतनामुळे रहिवासी कर्जात अडकून वेठबिगार बनतील, हे लॉरेन व तिचे वडील ओळखतात.

वस्तीतील वडीलधारी मंडळी जुने दिवस परततील या आशेवर जगतात. लॉरेन मात्र खाद्य वनस्पतींची माहिती वाचते, बियाणे जमवते आणि निसटण्यासाठी गाठोडे बांधून ठेवते. परिवर्तन हाच ईश्वर मानणारा 'अर्थसीड' हा पंथही ती मांडते. भिंत संरक्षण देऊ शकत नाही. ज्ञान, पूर्वतयारी आणि अनोळखी माणसांवर सावधपणे टाकलेला विश्वास यांमुळेच ही माणसे तगतात.

उत्तरभाग व प्रभाव

पॅरबल ऑफ द टॅलेंट्स (१९९८) हा कादंबरीचा उत्तरभाग असून त्यास नेब्युला पुरस्कार मिळाला. बटलर यांनी योजलेली या मालिकेतील पुढील कादंबरी अपूर्ण राहिली. २०२० मध्ये, लेखिकेच्या निधनानंतर १४ वर्षांनी, मूळ कादंबरी न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत आली.