फ्लायव्हील उतरवताना
घरच्या अंगणात ट्रकचं फ्लायव्हील काढता येतं, पण खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्यात जाते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकांना ओट लावा आणि गाडी भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरू नका. प्रोपेलर शाफ्ट, स्टार्टर आणि क्लचची जोडणी सुटली की गिअरबॉक्सला जॅकचा आधार देऊन तो सरळ मागे ओढा. त्याचं वजन क्लच प्लेटवर लटकू देऊ नका, प्लेट वाकते.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा. क्लचची धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून मास्क हवाच.

आता फ्लायव्हील. ते आणि क्रँकशाफ्ट यांवर आधी खूण करा, कारण काही इंजिनांत बॅलन्स त्या जागेवर ठरतो. बोल्ट फार घट्ट असतात आणि चाक सोबत फिरतं. रिंग गिअरच्या दातांत बसणारं लॉकिंग टूल वापरा, स्क्रू ड्रायव्हर अडकवला तर दात तुटतात. समोरासमोरचे दोन बोल्ट सैल करून तसेच ठेवा, नाहीतर एवढं जड बिडाचं चाक थेट अंगावर येतं. शेवटी ते दोघांनी मिळून उतरवा.

चाक हातात आल्यावर घाई नको. निळे डाग, केसासारख्या भेगा, झिजलेले दात बघा. क्रँकचं मागचं ऑइल सील पाझरत असेल तर ते आत्ताच बदला. परत बसवताना टॉर्क त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या.