टाके निघाले, म्हणजे जखम भरली?

सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग वॉर्डात सकाळची फेरी संपली की डिस्चार्ज कार्डे लिहायला घेतली जातात. गर्भाशय काढलेल्या बाईच्या कार्डावर शेवटी बहुतेक वेळा दोनच ओळी असतात : ‘विश्रांती घ्यावी. जड काम करू नये.’ कार्ड हातात पडते, गोळ्यांची पुडी मिळते, आणि मग दाराशी पोहोचलेली बाई मागे वळून विचारते, ‘‘जड म्हंजे किती, सिस्टर? पाण्याची कळशी चालंल का?’’

कळशी चालत नाही. पण हे तिला कोणी सांगितलेले नसते आणि कार्डावरही लिहिलेले नसते. ज्या घरात नळ दोन दिवसांनी आणि तोही तासभरच येतो, तिथे ‘जड काम करू नये’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून किलोच्या भाषेत बोलावे. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. चार-पाच किलो म्हणजे तान्हे बाळ किंवा दळणाचा लहान डबा. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंच्या वर जाते. घरगुती गॅसच्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीचे स्वतःचे वजन जवळपास तेवढेच. म्हणजे ती सरकवायचीही नाही. तीन वर्षांचे लेकरू कडेवर घ्यायचे नाही. ते मांडीवर येऊन बसले तर हरकत नाही.

यामागचे कारण कळले तर पाळणे सोपे जाते. पोटावरचे टाके साधारण सात ते दहा दिवसांत काढतात. टाके निघाले, खपली धरली, आता जखम भरली असा सगळ्या घराचा समज होतो आणि दुसऱ्या दिवसापासून बाई पुन्हा कामाला लागते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्याच्या अखेरीस त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या दहा टक्क्यांच्या आसपासच असते. पुढच्या काही आठवड्यांत ती भराभर वाढते आणि तीन महिन्यांनी सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. जखम पूर्वीइतकी मजबूत कधीच होत नाही. टाके निघाल्यानंतरचे पंधरा दिवस म्हणूनच सर्वांत फसवे. दुखणे कमी झालेले असते, चेहरा टवटवीत दिसतो, आणि आतली वीण अजून कच्ची असते. या काळात जोर पडला तर पुढे वर्ष-दोन वर्षांनी त्याच जागी हर्निया दिसू लागतो.

दुर्बिणीतून किंवा योनीमार्गे शस्त्रक्रिया झालेल्या बायकांची फसगत आणखी वेगळी असते. पोटावर तीन-चार बारीक छिद्रे, किंवा बाहेरून काहीच खूण नाही. ‘‘हिला काय झालंय, पोट तर कापलंच नाही,’’ असे घरात बोलले जाते. चालणे-फिरणे, दुखणे या बाबतीत अशी बाई खरोखर लवकर सावरते. तीन-चार आठवड्यांत हलके रोजचे काम करू लागते. पण गर्भाशय आणि त्याचे तोंड काढल्यावर योनीचा वरचा भाग आतून शिवलेला असतो, आणि ही शिवण कोणत्याही पद्धतीत असतेच. ती भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर शरीरसंबंध नको, आणि जोर लावून शौचाला बसणेही नको. क्वचित ही शिवण उसवते. तसे झाले तर तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

शरीरसंबंधाची गोष्ट नवऱ्याला कोणी सांगायची, हा वॉर्डातला नेहमीचा पेच. बाई लाजते, सासूला सांगता येत नाही, नवरा बाहेर पायरीवर बसलेला असतो. त्याला आत बोलावून डॉक्टरांनीच स्पष्ट सांगणे सर्वांत सोपे : दोन महिने थांबायचे, तपासणी झाल्यावर मग. त्याचबरोबर हेही सांगावे की त्यानंतर संबंधात अडचण येण्याचे काही कारण नाही. गर्भाशय काढले की बाईपण संपले, हा समज पुरुषांच्या मनात बायकांपेक्षा खोल बसलेला आढळतो.

आता विश्रांतीबद्दल. आपल्याकडे विश्रांती म्हणजे बाळंतिणीसारखे सव्वा महिना खाटेवर पडून राहणे, असे काही घरांत मानतात. तेही चुकीचे आहे. शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि पडून राहिल्याने तो आणखी वाढतो. घरी आल्या दिवसापासून घरातल्या घरात, दिवसातून चार-पाच वेळा, पाच-दहा मिनिटे चालायचे. आठवडाभराने अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. जिना सावकाश चढायला हरकत नाही. ज्या दिवशी थकवा वाटेल त्या दिवशी कमी करायचे.

झोपायला जमिनीवरच्या गादीपेक्षा खाट बरी, कारण जमिनीवरून उठताना पोटाच्या स्नायूंवर सगळा ताण येतो. खाट नसेल तर आधी कुशीवर वळावे, हाताचा जोर देऊन बसावे, मग भिंतीला धरून उठावे. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी घट्ट धरावी. ही युक्ती फुकटची आहे आणि वेदनेच्या गोळीइतकी कामाला येते. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येत असेल तर काही आठवडे सैल गाऊन घालावा. नाडीच्या घासण्याने चिघळलेले टाके ओपीडीत वरचेवर पाहायला मिळतात. जखमेवर पाणी घेऊन साधी अंघोळ करता येते, नंतर ती स्वच्छ कपड्याने टिपून कोरडी करावी. हळद, तेल, राख, कसलीही पूड लावू नये. आणि शेगडीचा शेक मुळीच नको. नव्या जखमेभोवतीची कातडी बधिर असते, त्यामुळे भाजले तरी कळत नाही. हा बधिरपणा काही महिने राहतो, त्याची चिंता करू नये.

खाण्याच्या बाबतीत घरातल्या वडीलधाऱ्यांची माया आणि विज्ञान यांची थोडी ओढाताण होते. ‘जखम ओली राहील’ म्हणून पाणी कमी द्यायचे, केळे-दही थंड म्हणून बंद, आणि ताकद यावी म्हणून तुपातला शिरा आणि डिंकाचे लाडू. परिणाम एकच : बद्धकोष्ठ. वेदनेच्या काही गोळ्यांनी आणि लोहाच्या गोळ्यांनी ते आणखी वाढते, आणि मग जोर करावा लागतो. जो टाळण्यासाठी सगळा खटाटोप चाललेला असतो. पाणी भरपूर प्यावे. भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, पपई, पेरू, ताक हे सगळे चालते. चार दिवसांत पोट साफ झाले नाही तर लाज न बाळगता औषध मागून घ्यावे. जखम भरायला प्रथिने लागतात, तेव्हा डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, मासे यांपैकी परवडेल ते रोज पोटात जावे. लाडू खाऊ नयेत असे नाही. पण नुसत्या लाडवांनी जखम भरत नाही, वजन भरते. आणि मग ‘पिशवी काढल्यामुळे अंग सुटलं’ असे म्हटले जाते. निरोगी गर्भाशय साधारण मुठीएवढे असते. ते काढल्याने पोटात पोकळी राहत नाही, ती जागा आतडी घेतात.

अनेक बायकांचे ऑपरेशनच मुळी वर्षानुवर्षे अंगावरून जास्त जात असल्यामुळे झालेले असते. रक्तस्राव थांबला, तरी अंगात झालेली रक्ताची तूट लगेच भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या किमान तीन महिने घ्याव्या लागतात, आणि चहासोबत घेतल्या तर निम्म्या वाया जातात. चहा आणि गोळी यांत तासाभराचे अंतर ठेवावे, गोळीबरोबर लिंबूपाणी घ्यावे. शौचाचा रंग काळा झाला तर गोळ्या बंद करू नयेत. धाप, चक्कर, सतत थकवा ही लक्षणे ‘ऑपरेशनमुळे अशक्तपणा आला’ म्हणून सोडून दिली जातात. त्यांतली पुष्कळशी जुन्या रक्तक्षयाची असतात.

काय सामान्य आणि काय नाही, हेही घरी कळले पाहिजे. दोन-तीन आठवडे तपकिरी किंवा गुलाबी डाग पडणे, कधी दोऱ्याचा तुकडा बाहेर येणे, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस खांदा दुखणे (पोटात भरलेल्या वायूमुळे) हे चालते. मात्र 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, तासाला पॅड भिजवणारा रक्तस्राव, दुर्गंधीचा स्राव, फुगलेले पोट आणि उलट्या, लघवी अडणे, एकाच पायाच्या पोटरीला सूज व वेदना, अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

एका लक्षणाबद्दल जरा थांबून सांगितले पाहिजे, कारण ते बायका लपवतात. आठवडा-दोन आठवड्यांनी लघवी आपोआप, सतत गळू लागणे. कपडे ओले राहतात, वास येतो. ‘‘आता वय झालं’’ म्हणत जुन्या साडीच्या घड्या वापरून काही जणी महिनोन्‌महिने काढतात, नातेवाइकांकडे जाणे बंद करतात. ही वयाची गोष्ट नसते. मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा होऊन योनीशी मार्ग तयार झाल्याची ती खूण असू शकते. लवकर आल्यास लहान छिद्र कधी कधी काही आठवडे नळी ठेवूनच बुजते; नाहीतर शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येते. त्यात तिचा काहीही दोष नसतो.

हे सगळे लिहायला सोपे आहे. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि सुमारे 82 हजार बायकांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या वेळी चर्चा झाली ती या शस्त्रक्रिया मुळात गरजेच्या होत्या का यावर. आणि ती व्हायलाच हवी होती. शस्त्रक्रियेनंतर त्या बायका घरी कशा सावरल्या, याकडे मात्र कमी पाहिले गेले. उचल घेतलेली असते, हंगाम दसऱ्या-दिवाळीनंतर सुरू होतो, आणि एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जातात. अशा फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला चार-पाच किलोंची मर्यादा सांगणे म्हणजे तिची थट्टाच. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर तारीख ठरवतानाच ‘नंतरचे दोन महिने काम कोण करणार’ हे विचारले पाहिजे. हंगाम संपल्यावरची, शेतीची कामे नसलेली, घरी बहीण किंवा मुलगी येऊ शकेल अशी तारीख निवडता येते. शहरातल्या नोकरदार बाईलाही हेच लागू आहे. तिची मोळी वेगळी असते एवढेच.

अंडाशय काढले की ठेवले, ही गोष्ट निम्म्याहून अधिक बायकांना माहीतच नसते. ते विचारून कार्डावर लिहून घ्यावे. अंडाशय ठेवले असतील तर पाळी येणार नाही, पण संप्रेरके तयार होत राहतात. पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयाआधी दोन्ही काढले असतील तर ती अवस्था एका दिवसात येते : अंगातून वाफा, रात्री घाम, झोप उडणे, चिडचिड, आणि पुढे हाडे ठिसूळ होणे. घरच्यांना वाटते हिचा स्वभाव बदलला. पंचेचाळिशीच्या आत असे झाले असेल, तर संप्रेरकांच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलावे. स्तनाचा कर्करोग किंवा गुठळीचा इतिहास नसेल तर अनेकींना त्या देता येतात. नाचणी, तीळ, दूध, कोवळे ऊन आणि रोजचे चालणे हे सगळ्यांनीच सुरू ठेवावे.

रडू येणे हेही होते. मुले झालेली, पाळीच्या त्रासाला कंटाळलेली, स्वतः होऊन ऑपरेशन मागणारी बाईसुद्धा तिसऱ्या आठवड्यात कारण नसताना रडते. बहुतेक जणींचे ते ओसरते. महिना उलटूनही जेवण-झोप जागेवर येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तपासणीच्या वेळी तेही सांगावे.

सहा आठवड्यांच्या तपासणीला पुष्कळ जणी येतच नाहीत. एसटीचे भाडे, बुडणारा रोज आणि ‘आता बरं वाटतंय’. त्या दिवशी आतली शिवण पाहतात, रक्त तपासतात, काम केव्हा सुरू करायचे ते ठरते. आणि काढलेल्या गर्भाशयाचा सूक्ष्मदर्शकाखालचा अहवाल मिळतो, ज्याला वॉर्डात ‘तुकड्याचा रिपोर्ट’ म्हणतात. क्वचित त्यात न कल्पिलेला कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था निघते आणि पुढचे उपचार लगेच सुरू करावे लागतात. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवून ते घेऊन यावे. त्यावरच्या नोंदणी क्रमांकावरून रिपोर्ट शोधता येतो. बाईला स्वतःला येणे जमत नसेल, तर कार्ड देऊन मुलाला किंवा नवऱ्याला पाठवले तरी चालेल.