निवृत्तीची पुंजी आणि पाच लाखांची हद्द

पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने 2013च्या फेब्रुवारीत निर्बंध घातले. पैसे काढण्यावर मर्यादा आली आणि अखेर 2022 मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. निवृत्तीची पुंजी एकाच बँकेत ठेवणाऱ्यांचे यात सर्वाधिक हाल झाले.

बँक बुडाली, तर ठेवीदाराला मिळणाऱ्या ठेव विम्याची हद्द 1993 पासून एक लाख होती. 4 फेब्रुवारी 2020 पासून ती पाच लाख झाली. ही रक्कम प्रत्येक पावतीमागे मिळत नाही. एका बँकेच्या सगळ्या शाखांत तुमच्या एकट्याच्या नावावर असलेली बचत, मुदत ठेवी आणि व्याज मिळून पाच लाख! तीन शाखांत ठेवी विभागल्या तरी फरक पडत नाही. पतसंस्थेतील आणि कंपनीतील ठेवींना तर हे कवच नाहीच, आणि दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तांचे पैसे नेमके तिकडेच जातात.

पुंजी सुरक्षित राहिली तरी ती पुरायलाही हवी, म्हणून महागाईचा हिशेबही मांडाच. वर्षाला सहा टक्के धरली, तर आजचा 30 हजारांचा घरखर्च वीस वर्षांनी सुमारे 96 हजारांवर जाईल.

आई-वडिलांच्या ठेवपावत्या या रविवारी बाहेर काढा आणि प्रत्येक बँकेतली बेरीज वेगळी मांडा.