जुनी ओम्नी : गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

फळवाला, बेकरीवाला, फर्निचर पोहोचवणारा सुतार अशा अनेकांचा धंदा मारुती ओम्नीवर चालतो. १९८४ साली मारुती व्हॅन या नावाने आलेल्या या गाडीला १९८८ साली ओम्नी हे नाव मिळाले. २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज जी ओम्नी मिळेल ती वापरलेलीच. अशा गाड्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार असते, "गिअर नीट पडत नाही." गॅरेजमध्ये गेल्यावर "गिअरबॉक्स गेला" असे सांगितले जाते आणि खर्चाबरोबर धंद्याचे काही दिवसही बुडतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर असतो.

ओम्नीचे ७९६ सी.सी.चे इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्याची ताकद क्लच, गिअरबॉक्स आणि लांब प्रोपेलर शाफ्ट यांच्यामार्फत मागच्या चाकांकडे जाते. दोष यांपैकी कोठे आहे, हे आधी ओळखावे.

क्लचचे दोष : इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, चढावर जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. सपाट मोकळ्या जागेत हॅंडब्रेक पक्का ओढून चौथा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालूच राहिले तर प्लेट झिजली आहे किंवा क्लचची केबल फार ताणलेली आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी.

इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. केबल सैल झाली आहे किंवा तिचे धागे तुटत आहेत का, ते पाहावे. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल तर दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी तपासावी.

आवाजावरून ओळख : न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबला तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. क्लच दाबल्यावरच आवाज आला तर रिलीज बेअरिंग पाहावे. गाडी सुटताना "कट" असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असू शकतो. एकच गिअर करकरत असेल किंवा चालताना निसटत असेल, तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागण्याची शक्यता जास्त.

तेलाकडे दुर्लक्ष नको : इंजिनचे तेल आपण बदलतो, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचे तेल वेगळे असते, हे विसरतो. सील गळून तेल कमी झाले की दाते व बेअरिंग कोरडे चालतात. काढलेल्या तेलात बारीक भुकटी असणे साधारण आहे. धातूचे तुकडे दिसले तर दुरुस्ती लांबवू नये.

जुनी गाडी घेताना ती माल भरून चढावर चालवून पाहावी. रिकाम्या गाडीत क्लचचा दोष लपतो. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच, तर रिलीज बेअरिंग आणि गळके सील त्याच वेळी बदलून घ्यावे. मजुरी एकदाच पडते. बदललेले जुने भाग मेकॅनिककडून मागून घ्यावेत व पाहावेत. गाडी चालवताना पाय क्लचवर टेकवून ठेवू नये आणि गाडीच्या शक्तीपेक्षा जास्त माल भरू नये. एका फेरीत वाचलेले भाडे पुढे क्लच प्लेटच्या खर्चात निघून जाते.