इंग्रजांस स्पॅनिश कोठें अडते?

ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्यांस स्पॅनिश सोपी, असा लौकिक आहे. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याची भाषाशिक्षणसंस्थाही तिची गणना इंग्रजी भाषिकांस सुलभ अशा पहिल्या वर्गांतच करते. लौकिक खोटा नाहीं. परंतु आमच्या मतें विद्यार्थ्याचा घात तोच करतो. दोन्ही भाषांनीं लॅटिनपासून पुष्कळ धन घेतलेलें असल्यामुळें ओळखीचे चेहरे पानोपानीं भेटतात आणि विद्यार्थी बेसावध होतो. एखादी इंग्रज तरुणी ‘मला संकोच वाटतो’ या अर्थानें ‘एम्बारासादा’ म्हणून जाते आणि ऐकणारे तिला लगबगीनें बसावयास खुर्ची देतात. कारण त्या शब्दाचा अर्थ गर्भवती! ‘एक्सितो’ म्हणजे बाहेर जाण्याची वाट नव्हे, यश. ‘लिब्रेरिआ’ ग्रंथालय नव्हे, पुस्तकांचें दुकान. ‘रोपा’ दोर नव्हे, कपडे. अशा फसव्या शब्दांची विद्यार्थ्यानें निराळी वहीच घालावी.

उच्चारांत स्वर पांचच, आणि ते जेथें येतील तेथें एकसारखेच. इंग्रजी जिभेस मात्र ‘नो’चें ‘नोउ’ करण्याची खोड. शब्दारंभींच्या प, त, क यांत ती श्वासही मिसळते. ओठांपुढें कागदाचा कपटा धरून ‘पान’ म्हणावें (स्पॅनिशमध्यें हा पाव होय, विडा नव्हे). कपटा हालला कीं उच्चार चुकला. त आणि द हे आपल्याप्रमाणें दंत्य. रकार नीट घोळवला नाहीं, तर ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा याचा ‘पेरो’ म्हणजे ‘परंतु’ होतो.

खरी कसोटी ‘असणें’ या क्रियापदाची. तेथें दोन धातु आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. कायमच्या गोष्टीस पहिला, तात्पुरत्यास दुसरा, असा ठोकळ नियम शिकवितात. तो आम्हांस मान्य नाहीं. माद्रिद शहर कांहीं उद्यां हलणार नाहीं, तरी तें ‘कोठें आहे’ हें सांगतांना एस्तारच लागतो. आणि मेलेल्या मनुष्यासही एस्तारच, मरणाहून कायमचें तें काय असावयाचें? वस्तु कोण वा कशी हें सेर सांगतो. ती कोठें व कोणत्या अवस्थेंत हें एस्तार सांगतो. सफरचंद ‘एस् बेर्दे’ म्हणजे जातीनें हिरवें. ‘एस्ता बेर्दे’ म्हणजे अद्याप कच्चें.

दुसरी अडचण आपल्या वाचकांस मौजेची वाटेल. इंग्रजाची कॉफी तोच आवडवून घेतो, कर्ता तोच. स्पॅनिशमध्यें ‘मे गुस्ता एल काफे’, म्हणजे अक्षरशः ‘मला कॉफी आवडते’, कर्ता कॉफी! मराठी मुलास जें न शिकवितां येतें, तेथें इंग्रजाचा धीर सुटतो. त्यानें भाषांतर करूं नये, अशीं वाक्यें अख्खींच पाठ करावीं. नामही सोबतच्या ‘एल’ वा ‘ला’सह पाठ करावें, कारण आकारान्त ‘दिआ’ (दिवस) पुल्लिंगी आणि ओकारान्त ‘मानो’ (हात) स्त्रीलिंगी आहे.

इंग्रजीस एका ‘यू’वर सर्वांची बोळवण करण्याची संवय, स्पॅनिशमध्यें सलगीस ‘तू’ आणि आदरास ‘उस्तेद’. हें ‘उस्तेद’ ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनापासून झालें असल्यामुळें क्रियापद तृतीयपुरुषीं घेतें, हुबेहूब संस्कृतांतील ‘भवान्’प्रमाणें. अनेकवचनीं स्पेनमध्यें सलगीस ‘बोसोत्रोस’ चालतें. अमेरिकाखंडांत मात्र सलगी असो वा आदर, ‘उस्तेदेस’च. तेव्हां आपणांस माद्रिदला जावयाचें कीं मेक्सिकोस, हें विद्यार्थ्यानें पुस्तक विकत घेण्यापूर्वींच ठरवावें.