पालापाचोळ्याचा धूर आणि आपला श्वास

थंडीची चाहूल लागताच आमच्या बाह्यरुग्ण विभागात दम्याचे व श्वासनलिकेच्या जुनाट विकारांचे रुग्ण वाढू लागतात. हवामान, विषाणुसंसर्ग, वाहनांचा धूर अशी त्याची अनेक कारणे आहेत. तथापि उघड्यावर जाळला जाणारा पालापाचोळा व कचरा हे कारण आपल्याच हाताने दूर करता येण्याजोगे आहे.

काडी लावली की कचरा नाहीसा झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे केवळ रूप बदलते. ओलसर पाला धुमसताना ज्वलन अपुरे होते व त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि २.५ मायक्रॉनहून सूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण नाक व घसा ओलांडून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हृदयावरही त्यांचा भार पडतो. कचऱ्यात पीव्हीसी प्लॅस्टिक असल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. कारखान्यास निदान उंच धुराडे असते. हा धूर मात्र जमिनीलगत निघतो आणि हिवाळ्यात पहाटेच्या थंड, जड हवेत वस्तीतच कोंडून राहतो.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाचे स्वरूप एकसारखे नाही. शहरात झाडलोटीचा पाला, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या छाटणीच्या काड्या व उसाचे पाचट, तर पेठ-सुरगाणा भागात भात-नागलीच्या रोपांसाठी भाजला जाणारा राब. कडाक्याच्या थंडीत द्राक्षे वाचविण्यासाठी बागायतदाराने पेटविलेली शेकोटी आणि केवळ उचलण्याचा कंटाळा म्हणून पेटविलेला ढीग यांना एकाच तराजूत तोलणे योग्य नव्हे. जेथे पर्याय हाताशी आहे, तेथून आरंभ व्हावा.

डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरविली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिकचाही समावेश झाला. परंतु प्रत्येक गल्लीत पहारा ठेवणे कोणत्याही यंत्रणेस शक्य नाही.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता पाला जाळणे फुकटचे भासते. प्रत्यक्षात तो खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो: शेजारच्या वृद्धाच्या औषधांत, बालकाच्या नेब्युलायझरमध्ये, रोजंदारीच्या बुडालेल्या दिवसांत. गरीब रुग्णाच्या बाबतीत त्याचा काही भाग आपण दिलेल्या देणगीतूनच भागविला जातो.

म्हणून आमची नम्र विनंती आहे की, सुका पाला खड्ड्यात थर देऊन, शेणकाला शिंपडून कुजवावा. काही महिन्यांत त्याचे उत्तम खत होते. उर्वरित कचरा ओला व सुका वेगळा करून घंटागाडीत द्यावा. काड्या व पाचट यांचे शेतातच आच्छादन करावे. घरी दमेकरी रुग्ण असल्यास धुराच्या वेळी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि डॉक्टरांनी दिलेला पंप परस्पर बंद करू नये. साध्या रुमालाने हे सूक्ष्म कण पुरेसे अडत नाहीत.

उपचारांसाठी रुग्णालयाची दारे अहोरात्र उघडी आहेतच. आपण एक ढीग न पेटविल्याने एखाद्या बालकास येथे यावे लागले नाही, तर तीही या संस्थेस मिळालेली मोलाची देणगीच होय.