नुसत्या ‘आय-सेव्हन’ला भुलू नका

दुकानासाठी कर्ज काढून संगणक घेताना ‘आय-सेव्हन आहे, डोळे झाकून घ्या’ असे विक्रेता सांगतो. बंधू-भगिनींनो, डोळे उघडे ठेवूनच घ्या. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याच्या नावाबरोबर पिढीही विचारा. २०१३ चा आय-सेव्हन ४७७० आणि २०२२ चा आय-थ्री १२१००, दोघांत कोअर ४ च; तरी नवा धाकटा जुन्या थोरल्याला मागे टाकतो. क्रमांकाच्या सुरुवातीचे ४ किंवा १२ म्हणजेच पिढी.

इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. म्हणजे स्वस्तातले जुने यंत्र आपले हिशेब धोक्यात घालू शकते.

बिले, जीएसटी, टॅली यांना आजच्या पिढीचे ४ कोअर पुरतात. क्रमांकाअखेर ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर टाळा. त्याला पडद्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. वाचलेला पैसा एसएसडी आणि १६ जीबी रॅमवर घाला.

आणि पैसे मोजण्यापूर्वी प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक बिलावर लिहून घ्या. तो लिहून द्यायला जो विक्रेता कां-कूं करील, त्याचे दुकान सोडा.